एक मिस्ड कॉल म्हणजे गाडी आली

मी एक ब्लॉग बोलतोय. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरचं एका माणसाचं स्वतःचं पान. माझा माणूस रणजीत राठोड, धंद्यानं प्रोग्रामर, राहणार उत्तमसिंग नाईक तांडा, कनेरगाव नाक्यापासून तीन किलोमीटर आत. माझ्यावर एकही जाहिरात नाही. वाचायला आलेल्याला मी नाव विचारत नाही, फोन नंबर मागत नाही. माझा पत्ता रणजीतच्या नावावर आहे, आणि त्यानं काय लिहावं हे ठरवायला त्याच्या डोक्यावर कुणी बसलेलं नाही. मला वैरी का झाले, ते एवढ्यावरूनच कळावं.

माझा जन्म चहाच्या टपरीवर झाला. टाळेबंदीच्या वर्षी रणजीत पुण्याहून लॅपटॉप घेऊन तांड्यावर परतला. कंपनीचं काम घरून करायचं होतं, पण तांड्यावर तेव्हा रेंज नव्हती. रेंज होती नाक्यावर, त्याच्या आईच्या टपरीवर. त्याची याडी, म्हणजे आई, पारुबाई. दुधाच्या पातेल्याशेजारी उलट्या क्रेटवर बसून तो दिवसभर कंपनीचं काम करी आणि उरलेल्या वेळात मला घडवी. एकेक ओळ हातानं लिहून. तयार साचा घेतला नाही की चकचकीत चित्रं लावली नाहीत. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, बस्स. म्हणून मी दोन काड्यांच्या रेंजवरही उघडतो.

घरात ते गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, मी तुम्हाला मराठीत सांगतोय. पहिल्या आठवड्यात पारुबाईनं विचारलं, "आरं, कामावून काढलं का तुला? दिसभर हितंच बसून राहिलास."

"काम करून राहिलो, याडी."

"ह्ये काम? कप तरी इसळ मग."

कप विसळता विसळता त्याला माझ्या पहिल्या लेखाचा विषय सुचला: प्रोग्राममधली चूक कशी शोधावी. त्यानं तो सरळ मराठीत लिहिला. पुण्याच्या मित्रांनी विचारलं, मराठीत कोण वाचणार? खरंच कोणी वाचत नव्हतं. महिन्यात सात वाचक, त्यातले तीन रणजीतचेच फोन. पण एक खराखुरा वाचक मिळाला, जवळा बाजारचे निवृत्त गणित शिक्षक ग्यानोबा मास्तर. ते माझ्या चुका काढून पत्र पाठवत. आणि त्यांची एक खोड होती. माझं पान बदललं की ते शनिवारी त्याचा प्रिंट काढायचे आणि फाइलला लावायचे. "पडद्यावरचं काही खरं नसतं बुवा," हे त्यांचं म्हणणं. मला तेव्हा त्याचा रागच यायचा. मी जिता-जागता असताना कागदावर काय म्हणून निजू?

प्रत्येक लेखाखाली रणजीतनं एक नियम लिहून ठेवला होता: चूक सापडली तर ओळ खोडून दुरुस्ती खाली लिहीन, पुसणार नाही. नियम लिहिताना त्याला वाटलं नसेल की एक दिवस तो त्याच्याच मानगुटीवर बसेल.

आता गाडीकडे येतो. सगळं रामायण गाडीचंच आहे.

रणजीतची धाकटी बहीण संगिता हिंगोलीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. कॉलेजच्या संस्थेचं नाव इथं घेत नाही. संस्थेनं मोठ्या दिमाखात मुलींसाठी मोफत गाडी सुरू केली, फीत कापली, फोटो छापून आणले. गाडीचा ठेका भागवतरावांना. सकाळी सहा चाळीसला नाक्यावर गाडी यायची आणि साडेसातच्या तासाला मुलींना पोचवायची, असा करार. तांड्याच्या आणि आजूबाजूच्या शेतवस्तीवरच्या सात मुली पहाटेच तीन किलोमीटर चालत नाक्यावर यायच्या. गाडी एक दिवस यायची आणि एक दिवस गुल. दुसरी बस पकडली तर कॉलेजात पोचायला साडेदहा. कॉलेज सुटायचं साडेअकराला.

पहिल्या महिन्यात संगिता घरी आली आणि दप्तर खाटेवर फेकून म्हणाली, "भिया, आजबी न्हाई आली. ड्रायव्हर म्हणतो लग्नाच्या वऱ्हाडाला गाडी दिली व्हती."

"किती दिवस झाले असं?"

"लई."

"लई म्हंजी किती?"

ते तिला सांगता येईना. प्रोग्रामर माणसाला 'लई' हा आकडा चालत नाही. रणजीतनं माझ्यावर एक नवं पान उघडलं: 'सहा चाळीसची गाडी'. तारीख, आली की नाही, आणि शेरा. एवढंच.

नोंद कोण ठेवणार? नाक्यावर पहाटे पाचपासून हजर असणारं माणूस एकच, पारुबाई. तिला लिहिता येत नाही, पण मिस्ड कॉल देता येतो. आपल्याकडं मिस्ड कॉलवर निम्मा जिल्हा चालतो. पोचलो, निघालो, जेवायला या, सगळं त्यात येतं आणि पैसा पडत नाही. रणजीतनं एक जुना फोन तांड्यावरच्या घरात फळीवर ठेवला. तोवर तिथं रेंज आली होती. त्या फोनसाठी त्यानं छोटासा प्रोग्राम लिहिला. साडेसहा ते सव्वासात आईच्या नंबरावरून एक मिस्ड कॉल आला तर गाडी आली. दोन आले तर आली नाही. मग प्रोग्राम आपसूक माझ्यावर ओळ लिहायचा. शेरा रणजीत नंतर आईला विचारून जोडायचा.

"आन् म्या कॉलच न्हाई केला तर?" पारुबाईनं विचारलं.

"तर 'माहीत नाही' असं लिहिलं जाईल."

"माहीत न्हाई काहून? आली न्हाई म्हणून लिव."

"तू पाणी आणाया गेली असशील, अन् गाडी येऊन गेली असंल. आपल्याला माहीत न्हाई ते न्हाई."

मला हा शब्द फार आवडला. 'माहीत नाही'. कोणत्याही सरकारी, निमसरकारी, संस्थेच्या कागदावर मला तो अजून सापडलेला नाही.

नाक्यावर मोबाइलचं दुकान असलेला रणजीतचा दोस्त मुन्ना त्याच्या मागं लागला. "यार, हे ब्लॉग-बिग कोण बघतं? गावाच्या ग्रुपवर टाक. नऊशे मेंबर हायेत." रणजीतनं टाकलं. पंधरा मिनिटांत ग्रुपच्या अॅडमिननं ते काढून टाकलं आणि रणजीतलाही बाहेर केलं. अॅडमिन भागवतरावांचा पुतण्या होता. वर मुन्नाला निरोप आला, "ग्रुप आपला हाय, आपल्या घरात आपण ठरवू."

बराबर आहे की. दुसऱ्याच्या घरात भाड्यानं राहणाऱ्याला कधीही पथारी उचलावी लागते. म्हणून तर माझ्यासारख्याची गरज असते. मला काढायला रणजीतलाच काढावं लागेल.

आणि वर्तमानपत्रं? दोन वार्ताहर येऊन चहा पिऊन गेले. संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस त्याच आठवड्यात होता, दोन्ही पेपरांत पानभर शुभेच्छा आल्या. गाडीचं एक अक्षर आलं नाही. ज्यांचं काम विचारायचं ते शुभेच्छा छापायला लागले, तेव्हा चहावालीच्या मिस्ड कॉलवर बातमी लिहायची वेळ आली. लाज त्यांना वाटायला हवी होती, पण वाटली पारुबाईला. ती म्हणाली, "चहाचे पैसे घेतले न्हाईत म्या त्यांचे. चुकलंच."

फेब्रुवारीच्या शेवटी कॉलेजच्या फळ्यावर यादी लागली. पंचाहत्तर टक्के हजेरी नसलेल्यांना परीक्षेचा फॉर्म भरता येणार नाही. सातही मुलींची नावं यादीत. संगिताची हजेरी एकोणपन्नास टक्के. वर्ष जाणार हे तर झालंच, पण तांड्यावर आणि शेतवस्तीवर वर्ष गेलेल्या मुलीचं पुढं काय होतं हे सांगायला नको. निलम म्हणून एक होती, तिच्या घरी त्याच संध्याकाळी सोयरिकीची बोलणी सुरू झाली.

रणजीतनं प्राचार्यांना अर्ज लिहिला आणि त्यात माझा पत्ता दिला. एकशे अठ्ठावीस दिवसांची नोंद. गाडी आली अठ्ठावन्न दिवस, आली नाही त्रेसष्ट दिवस, माहीत नाही सात दिवस. मुलींची हजेरी आणि गाडीचं येणं ताडून बघा, एवढीच विनंती. सोमवारी अकरा वाजता भेटायला या, असं उत्तर आलं.

माझी छाती फुगली होती. ती तीनच दिवसांत फुटली.

भागवतरावांच्या ड्रायव्हरकडे एक फोटो निघाला. नऊ जानेवारीचा, तारखेसकट. गाडीत मुली बसलेल्या, खिडकीत निलम हसतेय, मागं पारुबाईची टपरी. आणि नऊ जानेवारीला माझ्यावर काय लिहिलं होतं? 'आली नाही.'

फोटो आणि माझं पान शेजारीशेजारी ठेवून, लाल गोल काढून, त्या नऊशे जणांच्या ग्रुपवर फिरवलं गेलं. खाली लिहिलेलं, 'तांड्याच्या इंजिनिअरचा खोटारडा ब्लॉग'. भागवतराव टपरीवर येऊन सगळ्यांदेखत बोलले, "काय पारुबाई, लेकानं कॉम्प्युटरवर बसून खोटं लिव्हायची नवकरी धरली व्हय?"

पारुबाईनं चहा गाळणं थांबवलं नाही. पण संध्याकाळी घरी येऊन ती लेकासमोर बसली. "नऊ तारखेला काय झालं ते आठवून राहिले म्या. गाडी आली तवा म्या एक मिस्ड कॉल दिला बराबर. मंग साखर सरली. तुला साखर आण म्हणाया पुन्हा लावला. तू उचललाच न्हाई."

रणजीतनं कपाळाला हात लावला. फळीवरचा फोन उचलणार कोण? प्रोग्रामनं दोन मोजले आणि लिहून टाकलं, आली नाही. आईच्या डोक्यात तो फोन लेकाचाच होता. तिनं लेकाला साखर मागितली, इतकंच.

मुन्ना तिथंच होता. तो म्हणाला, "सोपं हाय. ती एक ओळ गुपचूप बदल. 'आली' कर. सोमवारी सायबानं पान उघडलं की बराबर दिसंल. त्यांनी फिरवलेला पानाचा फोटोच खोटा पडंल."

मी लॅपटॉपवर उघडा होतो आणि रणजीतचं बोट त्या ओळीवर होतं. एक शब्द खोडायचा, माझ्या अंगावर वळही उठला नसता. माझ्यासारख्यांचा हाच तर धोका आहे. कागदावर खाडाखोड दिसते, मी मात्र कालचं आज असं बदलू शकतो की कालच नव्हता असं वाटावं. मला त्या क्षणी माझीच भीती वाटली.

संगिता म्हणाली, "भिया, कर की. माझं वर्स हाय."

तांड्याचे माजी नाईक, रणजीतचे वडील उत्तमसिंग दाराशी बसले होते. त्यांनी आयुष्यात एकदाही मला वाचलं नाही. ते म्हणाले, "माझा बाप तांड्याच्या नसाबात न्यायनिवाड्याला बसायचा. भांडण घेऊन कुणी आलं की पंचांसमोर तो पयल्यांदा इचारायचा, तुजं काय चुकलं ते आधी सांग. ज्यानं सांगितलं, त्याचं बाकीचं ऐकायचा. ज्यानं काईच चुकलं न्हाई म्हणलं, त्याला म्हणायचा, जा, उंद्या ये."

संगिता उठून भावाच्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "खोड मंग. आन् कारण लिव. साखरंसकट लिव."

रणजीतनं ती ओळ आडवी रेघ मारून खोडली. खाली लिहिलं: 'दुरुस्ती. नऊ जानेवारीला गाडी आली होती. माझ्या आईनं साखर आणायला सांगण्यासाठी दुसरा कॉल केला, तो प्रोग्रामनं मोजला. चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी.' वरचे आकडे बदलले. आली एकोणसाठ, आली नाही बासष्ट.

त्या दिवसापासून घरात नवा कायदा. सव्वासातपर्यंत त्या नंबराला साखर, दूध, गॅस काही सांगायचं नाही. जग बुडालं तरी रणजीतच्या खिशातल्या फोनवर.

ग्रुपवर मात्र हशाच हशा. 'साखरेनं गाडी खाल्ली.' 'स्वतःच कबूल केलं बघा.' भागवतरावांनी खोडलेल्या ओळीचा मोठा प्रिंट काढून प्राचार्यांसाठी ठेवला.

सोमवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये टेबलावर दोन गोष्टी होत्या. एका बाजूला संगिताच्या मोबाइलवर मी. दुसऱ्या बाजूला भागवतरावांची हिरव्या पुठ्ठ्याची वही, गाडीचं लॉगबुक. टपरी बंद ठेवून पारुबाई आली होती. ग्यानोबा मास्तर न बोलावता आले होते, खांद्याला कापडी पिशवी.

भागवतरावांनी तो मोठा प्रिंट पुढं सरकवला. "सर, हे बघा. लबाडी लेखी कबूल हाय. आता आमची वही बघा. एकशे अठ्ठावीस दिवस, सहा चाळीस म्हंजी सहा चाळीस. एक खाडाखोड दाखवा, ठेका सोडतो."

प्राचार्यांनी वही चाळली. वही खरंच सुंदर होती. एकच निळी शाई, एकच वळण, ओळीखाली ओळ. ते रणजीतला म्हणाले, "तुमच्या नोंदीत एक चूक सापडली. आणखी नसतील कशावरून? शिवाय इंटरनेटवरचं पान तुम्ही आदल्या दिवशीही बदलू शकता."

"बदलू शकतो, सर," रणजीत म्हणाला. "म्हणून तर खोडलेलं तसंच ठेवलंय."

ग्यानोबा मास्तरांनी पिशवीतून फाइल काढली. "मी ह्या पोराचं पान दर शनिवारी छापतो. खाली मशीनच तारीख टाकतं. जुळवून बघा. नऊ जानेवारी सोडली तर एक अक्षर इकडचं तिकडं नाही. ती नऊ जानेवारीही माझ्याकडं चुकीचीच छापलेली आहे, जशीच्या तशी." माझा राग तिथंच संपला. कागदावर निजण्यात कमीपणा नसतो.

तरी प्राचार्य वहीच बघत होते. छापील कागदापेक्षा शिक्क्याची वही त्यांना जवळची. तेव्हा संगिता पुढं झाली. "सर, ह्या दोन नोंदी जुळत न्हाईत असे लई दिवस हायेत. तुमी एकच बघा. अठ्ठावीस नोव्हेंबर."

वहीत लिहिलं होतं: अठ्ठावीस नोव्हेंबर, कनेरगाव नाका, सहा चाळीस, वेळेवर.

माझ्यावर लिहिलं होतं: अठ्ठावीस नोव्हेंबर, आली नाही. शेरा: पहाटे पाचपासून रास्ता रोको. नाक्याच्या दोन्ही बाजूंना रांगा. रस्ता दहाला मोकळा झाला.

प्राचार्य वाशिमला राहतात. रोज सकाळी स्वतःच्या गाडीनं हिंगोलीला येतात. त्यांनी चष्मा काढला.

पारुबाई एवढा वेळ कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "सर, तुमी त्या दिशी माझ्याच टपरीवर व्हता की. चार घंटे. बिनसाखरेचे तीन चहा पेले. म्या म्हणलं सायबाला शुगर हाय वाटतं."

केबिनमध्ये कोणीतरी हसलं.

"सायकल जाऊन राहिली न्हवती तवा," पारुबाई भागवतरावांना म्हणाली. "तुमची गाडी काय उडत आली?"

भागवतराव म्हणाले, "लिहिणाऱ्याचं चुकलं असंल एखाद्या दिवशी."

"मंग खोडा की," संगिता म्हणाली. "आमी खोडलं."

प्राचार्यांनी वही मिटली. मी बघितलंय, माणसं वही उघडताना जो चेहरा करतात आणि मिटताना जो करतात त्यात फार अंतर असतं. ज्या वहीत एकशे अठ्ठावीस दिवसांत एकही चूक नाही, एकही खोड नाही, एकही 'माहीत नाही' नाही, ती एका बैठकीत लिहिलेली असते. हे त्यांना आधीच कळायला हवं होतं. पण त्यासाठी त्यांना तीन चहा आठवावे लागले.

सातही मुलींची हजेरी मोजताना गाडी न आलेले दिवस वजा झाले. फॉर्म भरले गेले. निलमच्या घरची बोलणी परीक्षेपर्यंत थांबली. थांबली, मोडली नाहीत. मी खोटं सांगणार नाही. ठेक्याची चौकशी चालू आहे असं संस्था म्हणते. भागवतराव अजून ठेकेदारच आहेत. पण गाडी गेल्या महिन्यात एकदाही चुकलेली नाही. आणि दोन्ही पेपरांतल्या वार्ताहरांनी माझ्यावरचे आकडे उचलून बातमी दिली, माझं नाव न घेता. देऊ दे. मी उघड्यावर आहे, कुणालाही घेऊन जाता येतं. फक्त जाताना पत्ता सांगावा, एवढी साधी रीत त्यांना शिकवायला हवी.

आज माझं वय सहा वर्षं. वाचक वाढले आहेत, साताचे चारशे झाले. कनेरगावापलीकडच्या एका वस्तीवरून मंजुषा नावाच्या मुलीनं रणजीतला लिहिलं की तिलाही असं पान करायचंय, गावच्या दवाखान्याची नोंद ठेवायला. रणजीतनं तिला माझी सगळी घडण फुकट पाठवली. म्हणजे मला बहीण होणार आहे.

तुमच्याकडे मागणं एकच आहे. तुमच्या गावात जे रोज घडतं आणि जे रोज घडत नाही ते स्वतःच्या जागेत, स्वतःच्या नावानं लिहून ठेवा. भारी लिहू नका. तारीख टाका. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहा. आणि चुकलात तर रेघ मारा, पुसू नका. माझ्या अंगावरची ती आडवी रेघ आजही तशीच आहे. कुणी हिणवायला आलं की मी तीच आधी दाखवतो.

आता मला थांबलं पाहिजे. आज संगिताचा पहिला पेपर आहे. सहा वाजून एक्केचाळीस मिनिटं झालीत. फळीवरचा फोन आत्ताच वाजला.

एकदा.

सव्वासातपर्यंत वाट बघायची, हा नियम आहे. सहा पन्नास. सात. सात दहा. घरात उत्तमसिंग फोनकडे बघत बसलेत. रणजीतही. आज टपरीवरची साखर सरली असली तरी पारुबाई सांगणार नाही.

सव्वासात.

लिहितो: आली.